एकाच मजकुराच्या दोन पानसंख्या: लाटेकचे पर्याय कोठे लिहावेत, याचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एक छोटी संशोधन संस्था दरवर्षी स्थानिक इतिहासावरील लेखांचा संग्रह डेमी आकारात छापून प्रसिद्ध करते. संस्थेची व संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील या टिपणात वगळले आहेत. अक्षरजुळणी करणाऱ्या लाटेक या संगणकीय कार्यक्रमाच्या मूळ आज्ञा आणि त्यांचे पर्याय रोमन अक्षरांत टंकायचे असतात. येथे ते सर्व नागरीत दिले आहेत.

बरीच वर्षे या संग्रहाची अक्षरजुळणी बाहेरून, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये होत असे. छापील प्रत देखणी निघे, पण संगणकावर उरलेल्या फाइलमध्ये एखादे नाव शोधता येत नसे आणि जुना लेख पुन्हा छापायचा झाल्यास तो नव्याने टंकावा लागे. या कारणास्तव निर्मितीचे काम पाहणाऱ्या संपादिकेने संग्रह लाटेकवर आणला. डोनाल्ड कनुथ यांच्या १९७८ च्या टेक या अक्षरजुळणीच्या कार्यक्रमावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे लाटेक उभे केले. त्यात देवनागरी लिहायची तर मजकूर रोमन लिप्यंतरात टंकून आधी एका पूर्वप्रक्रियेतून न्यावा लागे. जोनाथन क्यू यांचे झीटेक २००४ मध्ये आल्यावर ही अट संपली, कारण ते युनिकोड मजकूर थेट वाचते आणि संगणकावरील ओपनटाइप फॉन्ट थेट वापरते. संपादिकेने झीलाटेक, म्हणजे झीटेकवर चालणारे लाटेक, निवडले ते याच गुणामुळे, आणि ती निवड योग्य होती.

काम दोघांत वाटलेले होते. संपादिका लिनक्सवर मजकूर लावीत असत, तर संस्थेतील साहाय्यक विंडोजवर शेवटच्या दुरुस्त्या घालून मुद्रकाकडे जाणारी पीडीएफ तयार करीत असे. मूळ फाइली दोघांकडे तंतोतंत सारख्या होत्या. त्या फाइलींतून पीडीएफ कशी बनवायची, याची नोंद मात्र कोठेही नव्हती.

अडचण

मुद्रितशोधन संपले होते आणि निर्देशसूचीतील पृष्ठांक संपादिकेच्या पीडीएफवरून ताडून झाले होते. साहाय्यकाने अखेरच्या दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या घालून पीडीएफ मुद्रकाकडे धाडली. मुद्रक सोळापानी फर्म्यांवर खर्चाचा हिशेब करतो, त्यामुळे ठरलेल्या फर्म्यांपेक्षा काही पाने कमी भरत असल्याचे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आले. पाठोपाठ मुद्रितशोधकांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची राहिली नव्हती, ती हिंदी वळणाची झाली होती; आणि तळटीपांत जेथे जेथे ‘ॲड.’ हे संक्षिप्त रूप होते, तेथे ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट उमटली होती.

पाने सरकल्यामुळे निर्देशसूची अर्थातच चुकली. साहाय्यकाच्या दुरुस्त्या इतक्या लहान होत्या की त्यांमुळे एखादी ओळ पुढेमागे झाली असती. सबंध पाने कमी होणे शक्य नव्हते. छपाईची तारीख जवळ आलेली होती, त्यामुळे पहिली सूचना आली ती साहजिकच ‘ताईंच्या संगणकावरून पुन्हा पीडीएफ काढा आणि छापा’ अशी. या निर्णयबिंदूवर संपादिकेने छपाई एका आठवड्याने पुढे ढकलली आणि बाहेरून तांत्रिक साहाय्य घेतले. प्रस्तुत टिपण त्या साहाय्यातून तयार झाले आहे. ही दिरंगाई परवडण्याजोगी होती का, यावर संस्थेत मतभेद होते. परंतु कारण न समजता काढलेली पीडीएफ बरोबर आहे हे कोणत्या आधारावर म्हणायचे, या संपादिकेच्या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते.

कारणांचा शोध

प्रत्येक जुळणीबरोबर टेक एक लॉग फाइल लिहिते. बहुतेक जण ती उघडतात ते काही अडल्यावर, आणि तेव्हाही थेट शेवटाकडे जातात. येथे उत्तर पहिल्याच ओळीत होते. संपादिकेच्या लॉगची सुरुवात झीटेकच्या नावाने होत होती, तर साहाय्यकाच्या लॉगवर लुआएचबीटेक, म्हणजे लुआटेकचे एक रूप, असे नाव होते. एकाच मूळ फाइलवर दोघांनी दोन वेगळी इंजिने, म्हणजे जुळणी करणारे मूळ कार्यक्रम, चालवली होती.

असे कसे घडले, हे समजण्यासाठी लाटेक-एमके या साहाय्यक कार्यक्रमाची रीत पाहावी लागते. अनुक्रमणिका, पृष्ठसंदर्भ आणि निर्देशसूची स्थिर होईपर्यंत लाटेक पुन्हा पुन्हा चालवावे लागते. ते काम लाटेक-एमके आपोआप करते. कोणताही पर्याय न देता ते चालवले, तर ते जुन्या पद्धतीने पीडीएफऐवजी डीव्हीआय या प्रकारची फाइल बनवू पाहते, आणि युनिकोड फॉन्ट मागणारा मजकूर तेथेच अडतो. म्हणून प्रत्येक वापरकर्त्याला इंजिन कोणते हे कोठे ना कोठे सांगावेच लागते. संपादिकेने ते आपल्या संपादन-कार्यक्रमातील बटणामागच्या आज्ञेत ‘-झीलाटेक’ असे लिहून ठेवले होते. साहाय्यकाने पूर्वी आपल्या प्रबंधासाठी स्वतःच्या होम फोल्डरमध्ये लाटेक-एमकेची आरसी फाइल, म्हणजे पर्याय लिहून ठेवण्याची फाइल, केली होती आणि तिच्यात ‘पीडीएफ-मोड’ या चलाची किंमत ४, म्हणजे लुआलाटेक (लुआटेकवर चालणारे लाटेक), अशी होती. लाटेक-एमके आधी संगणकव्यापी आरसी फाइल वाचते, मग वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील आणि त्यानंतर चालू फोल्डरमधील; आज्ञेबरोबर दिलेले पर्याय या सर्वांवर मात करतात. ग्रंथाच्या फोल्डरमध्ये आरसी फाइल नव्हतीच, त्यामुळे प्रबंधाची फाइल निमूटपणे ग्रंथावर राज्य करीत होती.

इंजिन बदलल्याने पाने का कमी व्हावीत? ग्रंथाच्या मूळ फाइलीच्या प्रास्ताविकात, म्हणजे मजकुराआधीच्या आज्ञांच्या भागात, मायक्रोटाइप ही आज्ञासंहिता जोडलेली होती. विरामचिन्हे समासात किंचित बाहेर काढण्याची तिची सोय दोन्ही इंजिनांत चालते. ओळ नीट बसावी म्हणून अक्षरांची रुंदी अगदी सूक्ष्म प्रमाणात कमी-अधिक करण्याची दुसरी सोय लुआटेकमध्ये आहे, झीटेकमध्ये नाही. तेव्हा साहाय्यकाकडील परिच्छेद अधिक घट्ट बसत होते, काही परिच्छेदांतील शेवटची तोकडी ओळ नाहीशी होत होती, आणि तीनशेच्या आसपास पाने असलेल्या ग्रंथात अशा ओळींची बेरीज काही पानांपर्यंत सहज जाते. दुसरे म्हणजे, फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टस्पेक या आज्ञासंहितेत रेंडरर, म्हणजे अक्षरे जुळवणारा भाग, स्पष्टपणे हार्फबझ असा दिला नसेल, तर लुआलाटेक देवनागरीची जोडाक्षरे स्वतःच्या, लुआ भाषेतील संहितेने जुळवते; झीटेक हे काम हार्फबझकडे सोपवते. काही जोडाक्षरांच्या रुंदीत पडलेला फरक यातून आला होता.

अक्षरवळणाचे कारण याहून निराळे निघाले. फॉन्ट नावाने मागवला होता. साहाय्यकाच्या विंडोजमध्ये त्याच नावाची जुनी आवृत्ती फार पूर्वी बसवलेली होती आणि इंजिनाला तीच सापडत होती. तिच्यात ‘ल’ व ‘श’ यांची मराठी रूपे नव्हती, आणि ‘ॲ’ हे अक्षरही नव्हते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते आढळत नाही. अक्षर न सापडल्याची नोंद टेकने लॉगमध्ये प्रामाणिकपणे केलेली होती. मात्र साहाय्यकाच्या आरसी फाइलमध्ये ‘बॅचमोड’ हा गुपचूप काम करण्याचा पर्याय असल्याने पडद्यावर काहीच दिसले नव्हते. टेकच्या दृष्टीने हरवलेले अक्षर ही चूक नव्हे, केवळ सूचना आहे. ज्या भाषेत एक अक्षर गळले की नाव बदलते, त्या भाषेच्या ग्रंथासाठी हा मुळातला उदारपणा महागात पडतो.

विचारात घेतलेले पर्याय

तातडीचा उपाय उघड होता: साहाय्यकाच्या होम फोल्डरमधील आरसी फाइल काढून टाकणे आणि नवा फॉन्ट बसवणे. तो नाकारला गेला, कारण त्याने आजची पीडीएफ सुधारली असती, पण पुढच्या वर्षी तिसरा संगणक आला की तीच गोष्ट पुन्हा घडली असती. खरा प्रश्न होता तो पर्याय कोणत्या ठिकाणी लिहावेत, हा.

सर्व पर्याय एका लांबलचक आज्ञेत लिहून ती आज्ञा दोघांनी वापरावी, असे एक मत होते. त्याची जमेची बाजू अशी की आज्ञेतील पर्याय सर्वांत शेवटी लागू होतात, त्यामुळे होम फोल्डरमधील फाइल त्यांना बाधा आणू शकत नाही. परंतु आज्ञा निरोपातून पुढे जाताना तिच्यातील एखादा पर्याय गळतो. शिवाय विंडोज व लिनक्स यांची अवतरणचिन्हे वापरण्याची पद्धत वेगळी असल्याने एकच आज्ञा दोन्हीकडे जशीच्या तशी चालेलच असे नाही. दोन्ही संगणकांवरील टेकची संगणकव्यापी मांडणी सारखी करणे हा दुसरा विचार होता. तो त्याहूनही गैरसोयीचा ठरला, कारण अशी मांडणी ग्रंथाबरोबर प्रवास करीत नाही आणि त्या संगणकावरच्या इतर कामांना उगाच चटका लावते.

टेकची संपूर्ण मांडणी डॉकरच्या प्रतिमेत, म्हणजे कोणत्याही संगणकावर जशीच्या तशी चालणाऱ्या बंद संचात, गोठवून ठेवण्याचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या सर्वांत भक्कम होता. साहाय्यकाच्या जुन्या संगणकाला तो पेलला नसता, आणि संस्थेत डॉकर चालवणारे कोणी नव्हते. जो उपाय सांभाळायला माणूस नाही, तो कागदावर कितीही चांगला असला तरी छोट्या संस्थेच्या कामाचा नसतो.

टिप्स्ट या अक्षरजुळणीच्या नव्या कार्यक्रमावर जावे का, हाही विचार झाला. २०२३ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला झालेला हा कार्यक्रम एकाच फाइलीत येतो, क्षणार्धात पीडीएफ देतो, फॉन्टचा फोल्डर दाखवणारा पर्याय त्याला आज्ञेतच देता येतो आणि संगणकावरचे फॉन्ट पूर्णपणे दुर्लक्षित करण्याचाही पर्याय त्यात आहे. या प्रकरणातील फॉन्टचा घोटाळा टिप्स्टमध्ये घडलाच नसता, असे म्हणता येईल. तरीही मुद्रितशोधन झालेला ग्रंथ छपाईच्या तोंडावर नव्या भाषेत उतरवणे शहाणपणाचे नव्हते. नव्याने सुरुवात करणाऱ्या संस्थेला मात्र मी टिप्स्ट आधी तपासून पाहा, असेच सांगेन.

शेवटी ठरले ते असे: जे पर्याय ग्रंथाच्या रूपावर परिणाम करतात ते सर्व ग्रंथाच्या फोल्डरमध्येच लिहायचे, आणि जे केवळ काम करणाऱ्याच्या सोयीचे आहेत ते ज्याचे त्याने स्वतःकडे ठेवायचे. ही सीमारेषा आखताना बराच खल झाला. उदाहरणार्थ, मूळ फाइल आणि पीडीएफ यांच्यात उडी मारू देणारा ‘सिंकटेक’ हा पर्याय छापील पानावर काहीच उमटवीत नाही, म्हणून तो खासगी ठरला. चूक आल्यावर थांबावे की पुढे जावे, हा पर्याय वरवर सोयीचा वाटतो. पण त्यावरच चुकीची पीडीएफ बाहेर पडते की नाही हे अवलंबून असल्याने तो ग्रंथाकडे गेला.

केलेली कार्यवाही

ग्रंथाच्या फोल्डरमध्ये लाटेक-एमकेची आरसी फाइल तयार केली. तिच्यात पीडीएफ-मोडची किंमत ५, म्हणजे झीलाटेक, अशी ठेवली आणि इंजिनाला तीन पर्याय दिले: ‘नॉनस्टॉपमोड’, म्हणजे प्रश्न विचारून अडून बसू नये, ‘हॉल्ट-ऑन-एरर’, म्हणजे पहिल्या चुकीवर काम सोडून द्यावे, आणि ‘फाइल-लाइन-एरर’, म्हणजे चूक कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीवर आहे ते सांगावे. पहिला पर्याय एकटा दिला तर तो धोकादायक आहे, कारण चुका ओलांडून पीडीएफ तयार होते. दुसऱ्याची जोड मिळाल्यावर तो उपयोगी पडतो. बाहेरचे कार्यक्रम चालवू देणारा ‘शेल-एस्केप’ बंद ठेवला, कारण ग्रंथाला त्याची गरज नव्हती.

एवढ्याने भागत नाही. ग्रंथाची आरसी फाइल जे सांगत नाही, ते होम फोल्डरमधील फाइलीतून तसेच झिरपत राहते. म्हणून अंतिम पीडीएफ ‘-नोआरसी’ देऊन आणि ‘-आर’ने ग्रंथाची फाइल नावाने दाखवूनच काढायची, असा नियम केला व ती छोटी आज्ञा फोल्डरमधील वाचा-फाइलीत लिहून ठेवली. नियम विसरला तरी इंजिन चुकू नये म्हणून प्रास्ताविकाच्या पहिल्या ओळींत इफटेक या आज्ञासंहितेची ‘रिक्वायर-झीटेक’ ही आज्ञा घातली. आता दुसऱ्या इंजिनाने ही फाइल उघडली की काम तेथेच थांबते. सगळ्या कार्यवाहीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ओळ कोणती, तर माझ्या मते हीच.

फॉन्टच्या फाइली, परवाना परवानगी देत असल्याची खात्री करून, ग्रंथाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि फॉन्टस्पेकमध्ये नावाऐवजी फाइलीचे नाव व मार्ग दिला. लिनक्सवर झीटेक फॉन्टचे नाव फॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधणाऱ्या व्यवस्थेकडून शोधते, तर फाइलीचे नाव दिल्यास थेट ती फाइल उचलते. त्यामुळे संगणकावर कोणत्या आवृत्त्या पडून आहेत, हा प्रश्नच उरत नाही. त्याबरोबर लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे दोन्ही स्पष्ट लिहिले. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी रूपे असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. निवडलेल्या फॉन्टला त्याची गरज नसली, तरी उद्या फॉन्ट बदलला तर असावी.

हरवलेल्या अक्षरासाठी ‘ट्रेसिंग-लॉस्ट-कॅरेक्टर्स’ या चलाची किंमत ३ केली. २ ठेवल्यास सूचना पडद्यावरही दिसते; टेक लाइव्ह या टेकच्या वार्षिक संचाच्या २०२१ च्या आवृत्तीपासून ३ ठेवल्यास ती सरळ चूक मानली जाते. हा बदल करताच जुळणी अडली, ती एका लेखकाने दुसऱ्या कार्यक्रमातून चिकटवलेल्या अदृश्य चिन्हांवर. त्या निमित्ताने ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचेही पाहून घेतले. काही लेखकांनी अर्धा र नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून केला होता, तर काहींनी साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही कागदावर सारखे दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरे सापडत नाही. सर्वत्र पहिली पद्धत केली.

लॉगची एक खोड येथेच सांगितली पाहिजे. टेक लॉगमधील ओळ ७९ वर्णांवर तोडते, त्यामुळे एखादी सूचना शब्दाने शोधू गेल्यास ती दोन ओळींत तुटून हाती लागत नाही. ‘मॅक्स-प्रिंट-लाइन’ची किंमत वाढवली की हा त्रास जातो, हा पर्याय खासगी सोयीत मोडत असल्याने तो ज्याच्या त्याच्यावर सोडला.

निर्देशसूचीचा प्रश्न मूळ तक्रारीत नव्हता, पण पृष्ठांक पुन्हा ताडताना तो उघड झाला. निर्देशसूची लावणारा मेकइंडेक्स हा नेहमीचा कार्यक्रम अक्षरांच्या संकेतांकांच्या क्रमाने लावणी करतो. त्यामुळे ‘ळ’ची नोंद ‘ल’नंतर लगेच येते आणि ‘क्षेत्र’ ‘क’मध्ये जाऊन बसते. मराठी वाचक या दोहोंना ‘ह’नंतर शोधतो. संपादिका दरवर्षी हा क्रम हाताने बदलत असत, आणि हाताने बदललेली सूची पाने सरकली की निकामी होते. आरसी फाइलमध्ये मेकइंडेक्सच्या जागी अपमेंडेक्स हा युनिकोड जाणणारा कार्यक्रम लिहिला आणि त्याच्या शैलीफाइलीत मराठी लावणी मागितली. हे काम मात्र छपाईच्या आधीच्या घाईत करावे का, याविषयी मी साशंक होतो. संपादिकेच्या आग्रहामुळे ते झाले.

एक पर्याय मुद्दाम पडताळून स्वीकारला. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि कागदावर व्यंजनाआधी येते, त्यामुळे पीडीएफमधून मजकूर उचलला की अक्षरे उलटसुलट होतात आणि शोध फसतो. झीटेकचा ‘जनरेट-ॲक्चुअलटेक्स्ट’ हा पर्याय १ केला की प्रत्येक शब्दामागे मूळ युनिकोड मजकूर साठवला जातो. फाइल काहीशी फुगते. छपाईसाठी त्याचा उपयोग शून्य आहे; पण जुनी पद्धत सोडण्याचे मूळ कारणच शोधता न येणारा मजकूर हे होते, म्हणून फुगलेली फाइल मान्य झाली.

निष्पत्ती

दोन्ही संगणकांवरील पीडीएफ पानागणिक जुळल्या. झीटेकच्या किंचित सैल ओळींसाठी ‘इमर्जन्सी-स्ट्रेच’ला, म्हणजे शब्दांमधील जागा ताणण्याच्या मर्यादेला, थोडी मोकळीक दिली आणि तेवढ्यावर संपादिका समाधानी झाल्या. ग्रंथ ठरलेल्या फर्म्यांत बसला, आठवड्याच्या विलंबाने छापून झाला, आणि निर्देशसूची पहिल्यांदाच हात न लावता तयार झाली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. संपादिकेच्या लिनक्सवरील टेक लाइव्ह वितरणाबरोबर आलेले आणि जुने होते, साहाय्यकाकडचे नवे. या खेपेस दोघांचे निकाल जुळले. आज्ञासंहितांच्या आवृत्त्या वेगळ्या असताना पुढच्या वेळी ते जुळतीलच याची हमी नाही. संपादिकेने तेच वार्षिक टेक लाइव्ह स्वतंत्रपणे बसवण्याचे मान्य केले आहे, आणि छापलेल्या ग्रंथाच्या फोल्डरबरोबर त्याची अंतिम लॉग फाइलही जपून ठेवली जाते, कारण वापरलेल्या फाइलींची आणि बहुतेक आज्ञासंहितांच्या आवृत्त्यांची नोंद तिच्यात आयतीच असते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट शोधाच्या क्रमाची. सुरुवातीचा बराच वेळ साहाय्यकाने घातलेल्या दुरुस्त्या एकेक करून काढून पाहण्यात गेला, कारण ‘शेवटी हात कोणाचा लागला’ हा प्रश्न सर्वांच्या मनात आधी आला. दोन लॉग शेजारी ठेवले असते तर साहाय्यकावरचा संशय पहिल्याच मिनिटाला मिटला असता.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. ज्या संगणकावरून अंतिम पीडीएफ जाणार, त्याच संगणकावरची पीडीएफ मुद्रितशोधकांकडे जायला हवी होती. हे कोणत्याही पर्यायाविना, नुसत्या शिस्तीने साधले असते आणि पीडीएफ मुद्रकाकडे जाण्याआधीच हे दोष हाती आले असते. पृष्ठांक ताडण्याचे कामही त्यानंतरच सुरू करायला हवे होते.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या निवडीची आहे आणि तिच्यावर अजून एकमत नाही. छपाईच्या तोंडावर झीटेकवर कायम राहणे हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. परंतु अंध वाचकांना वाचता येईल अशी टॅग केलेली पीडीएफ बनवण्याचे जे काम लाटेकचे विकासक करीत आहेत, त्यासाठी ते लुआलाटेकचीच शिफारस करतात, आणि संस्थेला हे संग्रह पुढे संकेतस्थळावरही ठेवायचे आहेत. साहाय्यकाचे म्हणणे असे की त्याच्या आरसी फाइलीने अजाणता योग्यच इंजिन निवडले होते, फक्त हार्फबझ सांगायचे राहिले होते. पुढील संग्रहातील एक लेख दोन्ही इंजिनांनी जुळवून, दोन्ही प्रती नावे झाकून मुद्रितशोधकांपुढे ठेवायच्या असे ठरले आहे. त्यांचा कौल लुआलाटेककडे गेला, तर आरसी फाइलीतील ५ च्या जागी ४ येईल आणि ‘रिक्वायर-झीटेक’ची ओळ बदलावी लागेल.